खोली मिळाली नाही, पण शिक्षण सोडले नाही



आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघत आहे. तिच्यात बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावर आम्ही काही लिहावे, असे समितीने सांगितले. आम्ही पडलो गिरणी कामगार. शाळा मधेच सुटली. जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचनालयात आणि विहाराच्या ओट्यावर बसून वाचलं. तेव्हा विद्वानासारखे लिहिणे आम्हाला जमणार नाही. चुकभूल वाचकांनी पदरात घ्यावी.

महाड, काळाराम मंदिर, पुणे करार, राज्यघटना, दीक्षाभूमी यांवर दरवर्षी लिहिले जाते आणि लिहिलेच पाहिजे. या वर्षी मात्र आम्ही बाबासाहेबांच्या आयुष्यातली एक लहानशी बाजू घेतली आहे. शिक्षण अर्धे राहिलेले, राहायला जागा नाही आणि नोकरी शोधायची, हे तिन्ही डोंगर एकाच वेळी अंगावर आले तेव्हा बाबासाहेबांनी काय केले?

हा विषय का घेतला ते आधी सांगतो. दरवर्षी जून महिना लागला की वस्तीतली पोट्टे-पोट्टी बी. ए., बी. एस्सी., इंजिनीअरिंगसाठी वर्ध्याला, नागपूरला, काही पुण्याला जातात. वसतिगृहात नंबर लागला तर ठीक. नाही लागला तर किरायाची खोली पाहत फिरायचे. घरमालक आधी गाव विचारतो, मग कॉलेज विचारतो आणि शेवटी आडनाव विचारतो. आडनाव कळले की खोली कालच गेलेली असते. मुलाखत फक्त साहेबाच्या टेबलासमोर होते असे नाही. घरमालकाच्या फाटकाशी होते तीही मुलाखतच. गेल्या साली आपल्या वस्तीतली एक मुलगी शेवटच्या वर्षाला होती. तीन ठिकाणी खोली नाकारली म्हणून ती घरी परत आली आणि आता शिक्षण बस झाले असे म्हणू लागली. तिची आई आमच्याकडे विचारायला आली. तेव्हा आम्ही त्या मायलेकींना जे सांगितले तेच इथे लिहीत आहोत.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करातल्या शाळेत मास्तर होते. आई भीमाबाई. भीमराव हे त्यांचे चौदावे अपत्य. आई लहानपणीच गेली. १९०४ च्या सुमारास सुभेदार मुलांना घेऊन मुंबईला आले आणि लोअर परळला डबक चाळीत राहू लागले. चारी बाजूंना गिरण्या आणि गिरणी कामगारांची वस्ती. एकच खोली. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत सामान, तिथेच सगळ्यांचे झोपणे. पोराच्या अभ्यासाला जागा कुठून आणायची? सुभेदारांनी त्यावर उपाय काढला. भीमरावांनी संध्याकाळी लवकर झोपायचे आणि वडिलांनी जागे राहायचे. रात्री दोनच्या सुमारास सुभेदार मुलाला उठवीत आणि मग स्वतः अंग टाकीत. बाप जागला म्हणून लेकरू शिकले. ज्या घरात एकच खोली आहे त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. जागा मोठी करता येत नसेल तर वेळ वाटून घेता येतो.

१९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक पास झाले. अस्पृश्य समाजातला मुलगा मॅट्रिक झाला म्हणून सत्काराची सभा भरली. त्या प्रसंगी कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. केळुसकर गुरुजींच्याच खटपटीने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१२ साली भीमराव बी. ए. झाले. १९१३ च्या जानेवारीत ते बडोद्याला नोकरीवर गेले. काही दिवसांतच वडील आजारी असल्याची तार आली आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार गेले. ज्या बापाने रात्री जागून शिकवले तो मुलाचे पुढचे शिक्षण पाहायला राहिला नाही.

त्याच वर्षी सयाजीराव महाराजांनी त्यांना अमेरिकेला पाठवायचे ठरवले. ४ जून १९१३ रोजी करार झाला. तीन वर्षे शिष्यवृत्ती आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी, असा तो करार होता. जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. विद्यापीठाच्या लिव्हिंगस्टन हॉल या वसतिगृहात ते राहिले. तिथे नवल भथेना नावाचे पारशी विद्यार्थी त्यांचे मित्र झाले. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे पुन्हा येणार आहे. तिथे एका टेबलावर सगळ्यांसोबत जेवायचे, एका छताखाली झोपायचे, कोणी जात विचारायचे नाही. आयुष्यात पहिल्यांदा राहण्याच्या जागेची चिंता सुटली तेव्हा या माणसाने केवढा अभ्यास केला ते पाहा. १९१५ मध्ये एम. ए. झाले. १९१६ च्या मे महिन्यात भारतातल्या जातींवर तो प्रसिद्ध निबंध वाचला आणि पीएच. डी. चा प्रबंधही तयार केला. डोक्यावर बिनघोर छप्पर असले की आपला माणूस काय करू शकतो, त्याचा हा दाखला आहे.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. ऑक्टोबरमध्ये बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये आणि अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याचे बोलावणे आले. करार केलेला होता, परतणे भाग होते. दोन्ही शिक्षणे अर्धी राहिली. मात्र येण्याआधी बाबासाहेबांनी एक काम पक्के केले. आपले प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या मदतीने विद्यापीठाकडून परवानगी मिळवली, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पूर्ण करता येईल. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातली ही फार मोठी गोष्ट आहे. शिक्षण सोडावे लागले, पण परत येण्याचा दरवाजा उघडा ठेवूनच ते बाहेर पडले. आपली मुले कॉलेज सोडतात तेव्हा कोणाला न सांगता सोडतात. गॅप घेतो म्हणून अर्ज देत नाहीत, परीक्षेचा फॉर्म भरत नाहीत, मग तीन वर्षांनी दरवाजा बंद झालेला असतो.

त्या वेळी पहिले महायुद्ध चालू होते. बाबासाहेबांचे सामान आणि पुस्तके ज्या बोटीने निघाली ती बोट शत्रूने बुडवली. स्वतः ते दुसऱ्या बोटीने २१ ऑगस्ट १९१७ रोजी सुखरूप मुंबईला पोचले. बुडालेल्या सामानाची जी भरपाई मिळाली त्यातूनच बडोद्याला जाण्याचा खर्च भागला.

आता बडोद्याची हकिकत. बाबासाहेबांनी ती स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लहानशा पुस्तकात लिहून ठेवली आणि ते पुस्तक १९९० साली छापून आले. सप्टेंबर १९१७. एम. ए. झालेला, कोलंबिया आणि लंडन पाहून आलेला सव्वीस वर्षांचा तरुण बडोदा स्टेशनवर उतरला. मनात एकच प्रश्न, राहायचे कुठे? हिंदू खानावळीत घेणार नाहीत हे ठाऊक होते. शहरात ओळखीचे मित्र होते, पण त्यांच्या दारात जाऊन त्यांना संकटात टाकणे बरे वाटेना. शेवटी एक पारशी सराय होती तिथे गेले. सराय सांभाळणाऱ्याने पाहिले की अंगावर सदरा आणि कस्ती नाही. म्हणजे हा पारशी नव्हे, आणि ती सराय फक्त पारशांसाठी. पण सरायीत दुसरे कोणी गिऱ्हाईक नव्हते आणि त्यालाही पैशाची गरज होती. शेवटी तोड निघाली. वहीत पारशी नाव लिहायचे आणि राहायचे. जेवणखाण धरून रोजचा दर दीड रुपया.

वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली, शेजारी मोठे दालन आणि त्यात मोडक्या सामानाचा ढीग. सोबतीला माणूस नाही. विजेचा दिवा नाही. संध्याकाळी सराईवाला एक कंदील आणून ठेवी, त्याचा उजेड हातभर. रात्री पाकोळ्या फडफडायच्या. दिवसभर अकाउंटंट जनरलच्या कचेरीत काम करायचे आणि रात्री या कोंडवाड्यात पुस्तक घेऊन बसायचे. कचेरीतही तीच कथा. शिपाई कागद हातात न देता टेबलावर टाकीत आणि पिण्याच्या पाण्याची पंचाईत. मुंबईहून बाबासाहेबांचा भाचा राहिलेले सामान घेऊन आला होता. मामाची ही दशा पाहून पोरगा मोठ्याने रडायला लागला. त्याला लगेच परत पाठवावे लागले. संस्थानाचा सरकारी बंगला मिळावा म्हणून बाबासाहेब खटपट करीत होते, पण त्याचा निकाल लागत नव्हता.

अकराव्या दिवशी सकाळी कचेरीला निघण्याच्या वेळी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. त्यांना खरे कळले होते. सराय बाटवली म्हणून त्यांनी आरडाओरडा केला आणि संध्याकाळपर्यंत खोली खाली करण्याचा हुकूम दिला. बाबासाहेबांनी आठ दिवस मागितले, तेही मिळाले नाहीत. मग ते एका हिंदू मित्राकडे गेले. मित्र हळहळला, पण म्हणाला की तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा मित्र ख्रिस्ती झालेला. त्याने सांगितले की बायको उद्या गावाहून येणार आहे, तिला विचारून पाहतो. नवरा-बायको दोघेही मूळचे ब्राह्मण. हा नकार गोड शब्दांतला होता, एवढाच फरक.

दुपार टळली. मुंबईची गाडी रात्री नऊची. तोवर बसायचे कुठे? कामाठी बाग नावाची सार्वजनिक बाग होती, तिला आज सयाजी बाग म्हणतात. तिथे जाऊन बाबासाहेब बसले. आईबापाची आठवण आली, डोळ्यांतून पाणी वाहिले. आठ वाजता सामान घेतले आणि गाडी पकडली. त्या जागेला आज आपली माणसे संकल्पभूमी म्हणतात आणि तिथे वंदनेला जातात.

इथे आमच्या तरुणांचा एक प्रश्न आम्हाला दिसतो. ते विचारतात, काका, आडनाव बदलून सांगितलं तर काय बिघडते? आम्ही त्यांना दोष देत नाही. नाइलाजाने बाबासाहेबांनाही अकरा दिवस दुसऱ्याच्या नावाने राहावे लागले, आणि ते त्यांनी लपवले नाही, स्वतः लिहून ठेवले. पण त्या अकरा दिवसांचा अनुभव काय सांगतो? नाव लपवून मिळालेले छप्पर दुसऱ्याच्या हातात असते. कोण केव्हा जिना चढून येईल याची धास्ती राहते आणि त्या धास्तीत अभ्यास होत नाही. पुढे बाबासाहेबांनी आपल्या मुलांसाठी जे केले ते या अनुभवातूनच केले असे आम्हाला वाटते. ते पुढे येईलच.

मुंबईला परत आल्यावर नोकरीचा शोध सुरू झाला. घरात रमाई, मुले, भावाचे कुटुंब. परळच्या बी. आय. टी. चाळीत दोन खोल्या. बाबासाहेबांनी शिकवण्या केल्या. शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा धंदा काढला. सल्ला चांगला होता, गिऱ्हाइके येऊ लागली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळले तशी ती बंद झाली. दावरांच्या कॉमर्स कॉलेजात काही काळ शिकवले. ही कामे करता करता लिखाणही चालू होते. शेतीच्या लहान तुकड्यांवरचा त्यांचा निबंध याच काळात, १९१८ मध्ये छापला गेला. नोकरी नव्हती तेव्हाही लेखणी थांबली नव्हती.

मग सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा निघाली. बाबासाहेबांनी अर्ज केला. मुंबईचे पूर्वीचे गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांच्याशी लंडनमध्ये ओळख झाली होती, त्यांची शिफारस उपयोगी पडली. नोव्हेंबर १९१८ मध्ये नेमणूक झाली. जागा तात्पुरती, पगार दरमहा साडेचारशे रुपये. सुरुवातीला विद्यार्थ्यांना वाटले, हा अस्पृश्य आम्हाला काय शिकवणार? पण शिकवणे ऐकल्यावर दुसऱ्या कॉलेजातली मुलेही येऊन बसू लागली. प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला हात लावण्यावरून मात्र काही सहकाऱ्यांनी कुरकुर केली. म्हणजे नोकरी मिळाली तरी माठ मिळाला नाही.

साडेचारशे रुपये ही त्या काळी मोठी रक्कम. दुसरा कोणी असता तर मोठी जागा घेतली असती, आराम केला असता. बाबासाहेब त्याच चाळीत, त्याच दोन खोल्यांत राहिले. रमाईच्या हातात घरखर्चाची ठरलेली रक्कम द्यायची आणि बाकी लंडनसाठी शिल्लक टाकायची. त्यांच्या डोळ्यासमोर ती चार वर्षांची मुदत होती. नोकरी हा त्यांचा मुक्काम नव्हता, अर्धे राहिलेले शिक्षण पुरे करण्याचे ते साधन होते. आमच्या तरुणांनी या ठिकाणी थांबून विचार करावा. पहिला पगार हाती आला की हप्त्यावर मोटारसायकल येते आणि शेवटच्या वर्षाचे राहिलेले दोन विषय तसेच राहून जातात.

याच काळात समाजाचे कामही सुटले नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, तिला छत्रपती शाहू महाराज आले. मे महिन्याच्या शेवटी नागपूरला शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली आणि बाबासाहेब तिला हजर होते. मुंबई-नागपूरची रेल्वे आपल्या पुलगाव-वर्ध्यावरूनच जाते. परिषद आटोपली आणि जुलै १९२० मध्ये ते लंडनला निघाले. स्वतःची शिल्लक होती, शाहू महाराजांची मदत होती, आणि पाच हजार रुपये उसने दिले ते नवल भथेना यांनी. वाचकहो, बडोद्याला काठ्या घेऊन आले तेही पारशी आणि लंडनला जायला पैसे दिले तेही पारशी. म्हणून आम्ही म्हणतो, एका घरमालकावरून अख्ख्या जातीला, अख्ख्या धर्माला शिव्या देऊ नयेत. भथेनासारखा माणूस कुठेही भेटतो, त्याला ओळखता आले पाहिजे.

लंडनमध्ये जागा मिळाली, पण पोटाला चिमटा. घरमालकीण सकाळी पावाचा तुकडा, थोडी मासळी आणि चहा द्यायची. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात. रात्री भूक लागली की ओळखीच्याने दिलेले पापड भाजून खायचे आणि पुन्हा वाचत बसायचे. १९२१-२२ मध्ये ज्या घरात ते राहिले ते किंग हेन्री रोडवरचे दहा नंबरचे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले आणि तिथे स्मारक केले. ज्या माणसाला आपल्याच देशात बडोद्याला दीड रुपया रोजाची खोली टिकू दिली नाही, त्याची परदेशातली किरायाची खोली सरकारला विकत घ्यावी लागली. याला म्हणतात काळाचा न्याय.

इकडे मुंबईत रमाई काटकसरीने घर ओढत होत्या. बाबासाहेबांचे शिक्षण लिहिताना हे नाव विसरले तर लिखाण खोटे ठरेल. त्यांनी पोटची लेकरे गमावली, गोवऱ्या थापल्या, पण नवऱ्याला शिक्षण सोडून या असे कळवले नाही. जून १९२१ मध्ये बाबासाहेब एम. एस्सी. झाले. १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध डी. एस्सी. साठी दिला. परीक्षकांनी तो दुरुस्त करून मागितला. पैसे संपत आले होते, म्हणून एप्रिल १९२३ मध्ये ते परत आले. मुंबईत त्याच चाळीत बसून प्रबंध दुरुस्त केला, परत पाठवला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये डी. एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच. डी. रीतसर हाती पडली ती १९२७ मध्ये, प्रबंध लिहिल्यानंतर दहा-अकरा वर्षांनी. शेवटच्या वर्षात अडकलेल्या आमच्या मुलामुलींनी हा हिशेब भिंतीवर लिहून ठेवावा.

बॅरिस्टर झाले तरी वकिलीच्या सनदेला पैसे नव्हते. तेव्हाही भथेनाच धावून आले. वकिली चालेना म्हणून १९२५ पासून काही वर्षे एका अकाउंटन्सी शिकवणाऱ्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. १९२८ मध्ये सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक झाले आणि १९३५ मध्ये त्याच कॉलेजचे प्रिन्सिपॉल. स्वतःचे घर झाले ते दादरच्या हिंदू कॉलनीत, राजगृह. तिथे ते १९३४ च्या सुमारास राहायला गेले. तोवर वीस-बावीस वर्षे चाळीतच काढली. आणि राजगृह बांधले तेही पुस्तकांसाठी. माणसांना जागा कमी पडली तरी चालेल, पुस्तकांना पडू नये, असे ते घर होते. दुर्दैव असे की रमाईंना त्या घराचे सुख फार मिळाले नाही. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या.

आता मघाशी म्हटले ते. बडोद्यातून निघून आलेल्या बाबासाहेबांनी पुढे काय केले? २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ च्या सुरुवातीला सोलापूरला मुलांसाठी वसतिगृह काढले. सभा निघाली आणि सहा महिन्यांत वसतिगृह. मुलाच्या डोक्यावर छप्पर नसेल तर पुस्तक हातात राहत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत होते? १९२८ मध्ये दलित वर्ग शिक्षण संस्था काढली, तिच्यामार्फतही वसतिगृहे चालवली. त्याच साली मुंबईच्या गिरणी संपात त्यांनी आमच्या जिव्हाळ्याचा प्रश्न उचलला. अस्पृश्य कामगाराला विणाई खात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि तो उष्टा होतो म्हणे. पगार जास्त तिथेच आम्हाला बंदी. ही बंदी काढा अशी मागणी बाबासाहेबांनी लावून धरली. आम्ही गिरणीत कामाला लागलो तेव्हा कोणत्या खात्यात जायचे ते जातीवरून ठरले नाही. त्याच्या मागे ही लढाई आहे.

१९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री झाले. १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी सव्वाआठ टक्क्यांवर जागा राखीव झाल्या. त्यांच्या मागणीवरून वर्षाला तीन लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. आज आपली मुले जी भारत सरकारची शिष्यवृत्ती घेतात तिचे मूळ तिथे आहे. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. सिद्धार्थ कॉलेजचे वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्या गरीब मुलाला दोन्ही साधावे. राज्यघटनेत अस्पृश्यता गुन्हा ठरली आणि सरकारी नोकरीत समान संधीचा हक्क लिहिला गेला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी आपल्याला धम्म दिला आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण झाले. पुढे १९६४ मध्ये दीक्षाभूमीवर डॉ. आंबेडकर महाविद्यालय उभे राहिले.

आपल्या वर्ध्यात १९२८ साली जमनालाल बजाज यांनी लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुले केले. ही गोष्ट इतिहासात लिहिली गेली आणि ती खरी आहे. पण मंदिराचे दार उघडले म्हणजे किरायाच्या खोलीचे दार उघडते असे नाही. कायदा सरकारी कचेरीचे दार उघडू शकतो. शेजारधर्माचे दार अजून बऱ्याच ठिकाणी लोटलेले आहे, आणि त्याची वाट पाहत शिक्षण थांबवून चालणार नाही.

मग आपण करायचे काय? आमचे सांगणे थोडके आहे. कोणाला कडू लागले तर माफ करावे.

नागपूर-वर्ध्याला आपल्यापैकी पुष्कळांनी आता घरे बांधली. नोकऱ्या लागल्या, माडी चढली. पण गावाकडचे पोरगे खोली मागायला गेले की आपलेच लोक म्हणतात, आम्ही फॅमिलीलाच देतो. आडनाव विचारणाऱ्या घरमालकाला नावे ठेवायचा मग आपल्याला काय अधिकार? ज्याच्या घरी एक खोली रिकामी आहे त्याने ती कॉलेजच्या मुलाला किंवा मुलीला वाजवी किरायाने द्यावी. विहार समितीने अशा घरांची एक वही ठेवावी. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या मुलांसाठी २०१६-१७ पासून बाबासाहेबांच्याच नावाची स्वाधार योजना आहे. तिचा फॉर्म भरून द्यायला नोकरीतल्या तरुणांनी रविवारी विहारात दोन तास बसावे. मुलाखतीला जाणाऱ्यांची तयारीही तिथेच करून घ्यावी. समितीपुढे या साली कमानीचा खर्च आला आहे. कमान पुढच्या साली होऊ द्या. विहाराच्या मागची जी खोली सामानाने भरली आहे ती मोकळी करून तिथे लाइट आणि चार टेबले लावा, म्हणजे एका खोलीच्या घरातली मुले तिथे रात्री अभ्यास करतील. सुभेदार रामजी रात्री दोनला उठवीत होते. आपण निदान किल्ली तरी देऊ.

ज्या मुलीची गोष्ट सुरुवातीला सांगितली ती सध्या वस्तीतून रोज पहाटेच्या एस. टी. ने कॉलेजला जाते. संध्याकाळी घरी येता येता अंधार पडतो, अभ्यासाला वेळ उरत नाही. पण तिने परीक्षेचा फॉर्म भरला आहे. तिला आम्ही बडोद्याची गोष्ट सांगितली तेव्हा ती काही बोलली नाही. फक्त विचारले, चार वर्षांची मुदत होती, मग बाबासाहेब कितव्या वर्षी परत गेले? आम्ही सांगितले, तिसऱ्या.